लघवी अडली तेव्हा

गेल्या हिवाळ्यात सर्दी झाली म्हणून घरात पडलेली सर्दीची गोळी दोन दिवस घेतली. दुसऱ्या रात्री लघवीला उठलो, तर थेंब येईना. बाथरूमचा नळ सोडला, ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी धरली. पोट दगडासारखं झालं. पहाटे मुलाने दवाखान्यात नेलं. कॅथेटर (लघवीची नळी) घातल्यावर बघता बघता आठशे मिली लघवी उतरली. मला रडूच आलं.

वय ६६, प्रोस्टेट (मूत्राशयाखालची, मूत्रमार्गाभोवतीची ग्रंथी) वाढलेली. धार बारीक झाली होती, रात्री चारदा उठत होतो, पण वयाचं म्हणून अंगावर काढलं. युरॉलॉजिस्टनी (मूत्रविकारतज्ज्ञांनी) चित्र काढून दाखवलं: प्रोस्टेटमधल्या आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या स्नायूंवर अल्फा-१ रिसेप्टर, म्हणजे शरीरातले रासायनिक संदेश झेलणाऱ्या जागा, असतात. त्यांवर नॉरअ‍ॅड्रिनलिन हे शरीरातलंच संदेशवाहक रसायन बसलं की स्नायू आवळतात. सर्दीच्या गोळीतलं फेनिलेफ्रिनही तेच करतं. आधीच अरुंद झालेली वाट माझी मीच बंद केली होती.

टॅम्सुलोसिन ०.४ मिलिग्रॅम सुरू झाली. ही अल्फा-ब्लॉकर, म्हणजे ते रिसेप्टर अडवून स्नायू सैल सोडणारी. रोज रात्री जेवणानंतर अर्ध्या तासाने. तिसऱ्या दिवशी नळी काढली आणि धार लागली.

या गोळीने प्रोस्टेट लहान होत नाही, हे डॉक्टरांनी बजावलं म्हणून बरं. नाहीतर मोकळं वाटतंय म्हणून महिनाभरात मी ती सोडून दिली असती. आकार कमी करायला ड्युटास्टराइडसारखी वेगळी गोळी लागते, तिला सहा महिने तरी द्यावे लागतात.

पहिल्या आठवड्यात उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. असे रिसेप्टर रक्तवाहिन्यांतही असतात, ते अडले की वाहिन्या सैल होऊन रक्तदाब उतरतो. याच गटातली प्राझोसिन रक्तदाबासाठी देतात. आता पलंगाच्या कडेला मिनिटभर बसूनच उभा राहतो. आणखी एक, पुरुष हे बोलत नाहीत म्हणून लिहितो: वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जाऊ शकतं. अपाय नसतो, पण आधी माहीत असलं की माणूस घाबरत नाही.

यंदा मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी केली, तर नेत्रतज्ज्ञांनी टॅम्सुलोसिनची पट्टी लगेच उचलली. बुबुळातला स्नायूही हिच्यामुळे ढिला पडतो, ऑपरेशनमध्ये बुबुळ फडफडतं, बाहुली आकसते. गोळी आधी बंद केली तरी धोका पुरता जात नाही. त्यांनी केसपेपरवर लाल शाईने नोंद केली आणि बाहुली उघडी धरणाऱ्या रिंगची तयारी ठेवली.