लॉजच्या गाद्यांना प्रोटेक्टर घालताना

अंबाबाईच्या देवळापासून चालत येता येईल इतक्या अंतरावर आमचं छोटं लॉज आहे. नवरात्रात आणि चैत्रात जोतिबाच्या यात्रेला एकेका खोलीत अख्खं घर उतरतं. तान्ही पोरं, म्हातारी माणसं, वर पलंगावरच सोडलेलं रश्श्याचं पार्सल. चादर धुता येते, गादीचं काय करणार? म्हणून सगळीकडे वॉटरप्रूफ प्रोटेक्टर घालायचं ठरलं.

दुकानदाराने आधी पीव्हीसीचा काढला. स्वस्त खरा, पण त्यावर पाठ घामेजते आणि कूस बदलली की चुरचुर वाजतो. शिवणीचा मऊ क्विल्टेड असतो, तो पाणी अडवेलच असं नाही. मला पटला तो वर सुती टेरी, म्हणजे टॉवेलसारखं कापड, आणि खाली टीपीयू या लवचीक प्लास्टिकचा पातळ थर असलेला. पाणी अडतं, घामाची वाफ मात्र जाते. एकच नग आणला, खाली वर्तमानपत्र घालून वर तांब्याभर पाणी ओतलं. सकाळी पेपर कोरडा. कोपऱ्याला नुसत्या इलॅस्टिक पट्ट्या असलेला सरकतो, गादीला चहूबाजूंनी बसणारा फिटेडच घ्या, आणि गादीची जाडी मोजून घ्या. ढेकणांसाठी मात्र हा चालत नाही. त्याला सगळीकडून चेन असलेलं कव्हर लागतं.

खरी झुंज लॉन्ड्रीत. चादरींबरोबर ब्लीच, उकळतं पाणी, वर इस्त्री. यात टीपीयूचा थर सुटतो. लॉन्ड्रीवाले मामा म्हणाले, "मालक, चादरीतच टाकतो की, येगळं कशाला?" शेवटी नगामागे जादा दर कबूल केला आणि प्रोटेक्टरला वेगळ्या रंगाची पिशवी दिली. आता लेबलवर लिहिलंय तेवढ्याच गरम पाण्यात, बिनब्लीचचे धुतात. सॉफ्टनर नाही, इस्त्री तर नाहीच.

हळद साबणात लाल होते, घाबरू नका. उन्हात डाग फिका पडतो. फक्त टेरीची बाजू उन्हाकडे करा, थराला कडक ऊन सोसत नाही. पावसाळ्यात मात्र इथे टेरी लवकर वाळतच नाही, त्यामुळे एका पलंगामागे तीन नग ठेवलेत: एक गादीवर, एक लॉन्ड्रीत, एक कपाटात.

धुऊन आला की ट्यूबलाइटसमोर धरायचा. भोक दिसलं किंवा थर फुगलेला असला की नग बाद. लॉजवरची कामाची पोरं तो नग कापून त्याची फरशीपुसणी करतात, टेरी पाणी झकास ओढते.