डिलेड फ्लुओरेसन्स दिसत नाही? आधी ऑक्सिजन काढा

टीएडीएफ (उष्णतेच्या मदतीने होणारा डिलेड फ्लुओरेसन्स, म्हणजे उशिरा बाहेर पडणारा प्रकाश) मोजायला घेतलं आणि डिकेचं, म्हणजे पल्सनंतर प्रकाश विझत जातो त्या आलेखाचं, लांब शेपूट दिसलंच नाही, तर रेणूला दोष देण्याआधी क्युव्हेट (द्रावण ठेवायची पारदर्शक कुपी) तपासा. बहुतेकदा आत हवा राहिलेली असते.

4सीझेडआयपीएन घ्या. क्युशू विद्यापीठातल्या चिहाया आदाची यांच्या गटाने 2012 मध्ये ओएलईडीसाठी (सेंद्रिय एलईडीसाठी) पुढे आणलेला हा रेणू. त्याच्या सिंगलेट (प्रकाश देणारी) आणि ट्रिप्लेट (ऊर्जा अडकवून ठेवणारी) या उत्तेजित पातळ्यांत जेमतेम 0.08 इलेक्ट्रॉन-व्होल्टचं अंतर आहे. एवढी चढण खोलीच्या तापमानालाही चढता येते, म्हणून ट्रिप्लेटमध्ये अडकलेली ऊर्जा सिंगलेटमध्ये परतते आणि उशिरा, पण त्याच हिरव्या रंगात बाहेर पडते. टोल्युइनमध्ये तात्काळ प्रकाशाचा लाइफटाइम (टिकण्याचा सरासरी काळ) सुमारे 18 नॅनोसेकंद, उशिराच्या प्रकाशाचा सुमारे 5 मायक्रोसेकंद. हवेतल्या टोल्युइनमध्ये जवळपास 2 मिलिमोलर ऑक्सिजन विरघळलेला असतो. ट्रिप्लेटमधल्या रेणूला गाठून त्याची ऊर्जा काढून घ्यायला ऑक्सिजनला 5 मायक्रोसेकंद भरपूर झाले. शेपूट शंभर-दोनशे नॅनोसेकंदांवर येतं.

7.9 मिलिग्रॅम रेणू 100 मिलिलिटर टोल्युइनमध्ये विरघळवा आणि दहापट पातळ करा, म्हणजे 10 मायक्रोमोलर होतं. नुसता आर्गॉन बुडबुडवला तर टोल्युइन उडतं, द्रावणाची संहती बदलते आणि थोडा ऑक्सिजन उरतोच. फ्रीज-पंप-थॉ हाच खात्रीचा मार्ग. क्युव्हेटला जोडलेल्या काचेच्या फुग्यात द्रावण घेऊन द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा, पंप करा, नळ बंद करा, मग कोमट पाण्यात वितळवा. बुडबुडे येणं थांबेपर्यंत, साधारण 3-4 वेळा. खुद्द क्वार्ट्‌झच्या क्युव्हेटमध्ये गोठवू नका, तडकते. आणि द्रव नायट्रोजनमधली नळी हवेला उघडी ठेवू नका: आत द्रव ऑक्सिजन जमतो, आणि तो सेंद्रिय द्रावकाशेजारी असणं जिवावर बेतू शकतं.

जमलंय की नाही हे 365 नॅनोमीटरच्या टॉर्चखालीही कळतं. हवेतल्या नमुन्याशेजारी धरा, हिरवा प्रकाश ठळकपणे वाढलेला दिसतो.

दुसरी चूक वेळेच्या खिडकीची, म्हणजे दोन पल्समध्ये मोजायला मिळणाऱ्या वेळाची. लेझर 1 मेगाहर्ट्‌झवर चालवला तर दोन पल्समध्ये फक्त 1 मायक्रोसेकंद मिळतो. 5 मायक्रोसेकंदांचं शेपूट त्यात मावत नाही, पुढच्या पल्सवर साचत जातं आणि उंचावलेल्या बेसलाइनसारखं दिसतं. ती डार्क काउंट (प्रकाश नसतानाही डिटेक्टर नोंदवतो ते काउंट) समजून वजा केली की खरा सिग्नलच गेला. 20 किलोहर्ट्‌झपर्यंत उतरा. तिथे टीसीएसपीसीत (एकेका फोटॉनची वेळ नोंदवणाऱ्या पद्धतीत) पाइल-अप, म्हणजे लवकर आलेला फोटॉन नोंदला जाऊन उशिराचे गळणं, टाळायला काउंट रेट पल्स रेटच्या 1 टक्का, म्हणजे सेकंदाला 200 ठेवावा लागतो आणि मोजणी रेंगाळते. शेपटासाठी एमसीएस मोड (एका पल्सनंतरचे अनेक फोटॉन वेळेच्या कप्प्यांत मोजणारा) बरा. फ्लॅश लॅम्पच्या फॉस्फोरेसन्स मोडमध्ये 50 मायक्रोसेकंदांचा डिले ठेवलात तर दहा लाइफटाइम निघून गेलेले असतात, हाती काही लागत नाही. इओसिनसारख्या मिलिसेकंद टिकणाऱ्या रेणूला मात्र तो मोड चालतो.

शेवटी लेझरची पॉवर बदलून बघा. उशिराचा प्रकाश पॉवरच्या सम प्रमाणात वाढला तर टीएडीएफशी जुळतं. वर्गाच्या प्रमाणात वाढला, तर दोन ट्रिप्लेट एकमेकांना भिडून प्रकाश देताहेत. मग द्रावण आणखी पातळ करा, पॉवर उतरवा आणि पुन्हा मोजा.