सलाईन, रॅट अन् फॉर्म बी

गाईडनी थिसिसचा विषय दिला तेव्हा मला वाटलं सोपं आहे. बेशुद्ध रॅटला शिरेतून सलाईन द्यायचं, अन् आतड्याच्या लिम्फमध्ये, म्हणजे पेशींच्या मधून गोळा होऊन रक्तात परत जाणाऱ्या पाण्यात, हायलुरोनन किती वाहून येतं ते मोजायचं. तेच हायलुरोनन, म्हणजे हायलुरोनिक ॲसिड, जे आजकाल फेस सीरमच्या बाटलीवर असतं. १९३४ मध्ये गायीच्या डोळ्यातून पहिल्यांदा वेगळं केलं होतं.

बाकी सगळं निभलं, पण प्राण्यांच्या एथिक्स कमिटीच्या फॉर्म बी ने, म्हणजे प्रयोगाच्या परवानगीच्या अर्जाने, पाच महिने खाल्ले.

पहिल्यांदा परत आला, शेरा काय तर 'रक्त तपासून का भागत नाही?' आता प्रश्न चुकीचा नव्हता, पण समोर बसवून विचारला असता तर दोन मिनिटात सांगितलं असतं की पेशींच्या मधून सुटलेलं हायलुरोनन लिम्फमध्ये उतरतं, त्यातलं बरंचसं वाटेतल्या लिम्फच्या गाठींमध्येच (लिम्फ नोड) तुटतं, उरलेलं रक्तात आलं की लिव्हर काही मिनिटात उचलून टाकते. माणसाच्या अंगात साधारण १५ ग्रॅम असतं, त्यातलं एक तृतीयांश रोज बदलतं, तरी रक्तात बघाल तर नावापुरतं. लिहून दिलं सगळं. परत आला, आता 'रॅट २४च का?' सॅम्पल साईजचं गणित पहिल्याच वेळी जोडा बाबांनो, मी नव्हतं जोडलं. तिसऱ्यांदा तर मीटिंगच नाही, केंद्राच्या समितीचे सदस्य आले नाहीत म्हणून. मे महिन्यात भर दुपारी तोंडाला दुपट्टा बांधून मी गेली, अन् क्लार्क भाऊ कूलरसमोर बसून, "मॅडम, काऊन एवढी घाई करून राहिल्या? पुढच्या महिन्यात या." माझ्या फाईलवर त्यांच्या चहाच्या कपाचा गोल डाग अजून आहे.

परमिशन आली तेव्हा पाऊस सुरू झाला होता.

हो, एक राहिलंच, ऑपरेशनच्या आधी रॅटला थोडं क्रीम पाजा. लिम्फ दुधासारखं होतं अन् लिम्फची नळी पांढऱ्या दोऱ्यासारखी दिसते, नाहीतर चरबीत शोधत बसा. अन् कॅन्युलात (लिम्फ बाहेर काढायची बारीक नळी) हेपॅरिन (गोठू न देणारं औषध) टाका, लिम्फपण गोठतं, माझा पहिला रॅट त्याच्यातच गेला.

दुसऱ्याला सलाईन सोडलं, थोड्या वेळाने लिम्फचे थेंब असे पटापट पडायला लागले की मी मोजायचंच विसरली.