आदल्या रात्रीचा बेक्ड पास्ता: सॉसचं प्रमाण आता जमलंय

रात्री रचून फ्रीजमध्ये ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी भाजायचा, अशा पास्त्याच्या कोरडेपणाचा प्रश्न मागच्या नोंदीत उरला होता. रात्री सॉसमध्ये छान माखलेला पास्ता सकाळी फ्रीजमधून निघतो तो आवळलेला ठोकळा होऊन. शिजलेला पास्ता थंडीतही सॉसमधलं पाणी पीत राहतो, म्हणून लगेच भाजायच्या पास्त्याचं प्रमाण इथे लागू पडत नाही.

2 लिटरच्या काचेच्या भांड्यासाठी, चौघांपुरतं आताचं प्रमाण असं: पेने 250 ग्रॅम, लोणी 25 ग्रॅम, मैदा 25 ग्रॅम, दूध 500 मिली, टोमॅटो प्युरी 200 मिली, पास्ता उकळलेलं पाणी 100 मिली, परतलेल्या भाज्या 250 ग्रॅम, किसलेलं मोझरेला 150 ग्रॅम. पातळ पदार्थ एकूण 800 मिली झाले. त्याच दिवशी भाजायचं असेल तर 650 पुरे. सॉस पाहून ‘हे तर सूप झालं’ असं वाटलं की समजा बरोबर आहे.

पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच घ्या. मैद्याच्या स्वस्त पास्त्याचा दुसऱ्या दिवशी लगदा होतो, त्याला उपाय नाही. पाकिटावर 11 मिनिटं लिहिली असतील तर 8 मिनिटांनी निथळा. तुकडा तोडला की मध्ये पांढरा ठिपका दिसायला हवा. चाळणीत ढीग ठेवू नका, आतल्या वाफेवर तो शिजतच राहतो. परातीत पसरून चमचाभर तेल चोळा.

सगळ्यात जास्त फरक पडला तो सॉस पूर्ण गार करून मिसळल्याने. गरम सॉसमध्ये पास्ता आणखी शिजतो आणि पाणीही भराभर ओढतो.

मैदा लोण्यावर मंद आचेवर 2 मिनिटं परता, रंग बदलू देऊ नका. दूध थोडं थोडं घाला. प्युरी मात्र दूध दाट झाल्यावर, आच बंद करून. आधी घातली तर आंबटपणाने दूध फाटण्याची भीती. मशरूम, ढोबळी मिरची पाणी आटेपर्यंत परता, पालक उकळत्या पाण्यातून काढून घट्ट पिळा. नाहीतर तळाशी पाणी साचतं आणि दोष उगाच सॉसला जातो.

चीज निम्मं आत, निम्मं वर. प्रोसेस्ड चीज वितळतं, पण तार येत नाही. वर आधी बटर पेपर, मग फॉइल: चीज चिकटत नाही आणि टोमॅटोचा आंबटपणा अ‍ॅल्युमिनियमला लागत नाही. ब्रेडचा चुरा ऐनवेळी, रात्री घातला तर मऊ पडतो.

फ्रीजमध्ये 2 दिवस ठीक. भाजण्याआधी भांडं अर्धा तास बाहेर ठेवा. थंडगार काच तापलेल्या ओव्हनमध्ये तडकू शकते. 190 अंशांवर झाकून 30 मिनिटं, उघडून 12 ते 15. थर्मामीटर असेल तर मध्यभागी 74 अंश दिसले पाहिजेत. छोट्या ओटीजीत वरची कॉइल जवळ असते, म्हणून ती शेवटच्या 5 मिनिटांतच लावा. वाढण्याआधी 10 मिनिटं थांबलात तर वड्या नीट सुटतात.

हाच पास्ता फ्रीझरमध्ये गोठवून ठेवायचं काम अजून बाकी आहे. बटाटा बाद, वितळल्यावर रवाळ लागतो. कॉर्नफ्लॉरही बाद, कारण गोठून वितळलं की ते पाणी सोडतं. मैद्याचा सॉसही थोडा फुटतोच, पण प्युरी जास्त असली की ते कमी जाणवतं. म्हणून पुढच्या खेपेला दूध 300 आणि प्युरी 400 मिली.