काकांच्या नावावरचं लायसन्स

इंग्लंडमधल्या कर्ज-सल्ला केंद्रात कामाला लागलं की आधी देण्यांची वर्गवारी शिकवतात. घरभाडं, कौन्सिल टॅक्स म्हणजे घरावरचा स्थानिक कर, गॅस-वीज, कोर्टाचा दंड ही आधी भागवायची देणी. ती थकली तर घर जातं, वीज जाते, नाहीतर कोर्टाची पायरी चढावी लागते. क्रेडिट कार्ड, दुकानांची उधारी हे सगळं नंतर. टीव्ही लायसन्स, म्हणजे थेट टीव्ही बघायचा वार्षिक परवाना, ज्याच्या पैशावर बीबीसी चालते, तेही पहिल्या गटात मोडतं. क्रेडिट कार्डाचे हजारो पौंड थकवणारा गुन्हेगार ठरत नाही, विनालायसन्स टीव्ही बघणारा ठरतो. ही गोष्ट मी येणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगत आले आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात एक मराठी काकू समोर येऊन बसल्या, तेव्हा मात्र सांगताना माझी जीभ अडखळली.

काकू एकाहत्तर वर्षांच्या. यजमान आदल्या हिवाळ्यात गेलेले. कापडी पिशवीतून त्यांनी एक प्लास्टिकचं फोल्डर काढलं, त्यात वरच कोर्टाची नोटीस होती. ‘सिंगल जस्टिस प्रोसिजर’ची. या पद्धतीत सुनावणी होत नाही. एक मॅजिस्ट्रेट कायद्याच्या सल्लागाराच्या मदतीने कागद वाचतो आणि निकाल देतो. आरोपीला उत्तर द्यायला २१ दिवस मिळतात, आणि त्यातले बरेचसे उलटून गेले होते. ‘गुन्हा कबूल’ या चौकोनात पेन्सिलीने हलकीशी खूण केलेली होती.

“काकू, ही खूण तुम्ही केलीत?”

“मग काय करू? मी टीव्ही बघत होते हे खरंच आहे ना गं. नाही कसं म्हणू?”

लायसन्स तपासायला घरी आलेल्या माणसाने लिहून घेतलेला जबाब नोटिशीला जोडला होता. दुपारची वेळ, टीव्ही चालू, रोज बघता का या प्रश्नावर ‘हो’, खाली काकूंची सही. त्या माणसाने नियमाप्रमाणे सगळं विचारलं होतं. काकूंनी त्याला आत बोलावलं, बसायला खुर्ची दिली, चहा विचारला. तो जे लिहून घेतोय ते कोर्टात जाणार आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. आणि ‘मला माहीत नव्हतं’ ही सबब या कायद्यात चालत नाही. दंड जास्तीत जास्त १,००० पौंड, वर खटल्याचा खर्च वेगळा.

फोल्डरच्या मागच्या कप्प्यात लिफाफ्यांचा गठ्ठा होता. सगळे न फोडलेले, सगळे काकांच्या नावाचे. “ते त्यांचं टपाल. मी कशाला उघडू?” घरातले कागदपत्र आयुष्यभर काकाच बघत आलेले. ते गेल्याचं कळल्यावर बँकेने खातं गोठवलं, त्यातून जाणारा हप्ता थांबला, हप्ता थांबला म्हणून लायसन्स रद्द झालं. त्या प्रत्येक टप्प्याची सूचना आलीही होती, पण गेलेल्या माणसाच्या नावाने. हे सगळे लिफाफे आम्ही दोघींनी मिळून एकेक करून फोडले. काकू काकांचं नाव आलं की क्षणभर थांबायच्या.

या गुन्ह्यात दोषी ठरणाऱ्यांत जवळजवळ तीन चतुर्थांश बायका असतात. दिवसा घरी कोण असतं, दार कोण उघडतं, याचं उत्तर त्या आकड्यातच आहे.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने फाईल बघितली आणि तो चिडलाच. त्याचं म्हणणं नेहमीचं, पण त्यात तथ्य आहे: हे लायसन्स मोडीत काढा आणि बीबीसीला वर्गणीवर टाका. ज्याला बघायचंय त्याने भरावं, नाही भरलं तर चॅनेल बंद. ना तपासनीस, ना कोर्ट. बीबीसी न बघता इतर चॅनेलचे थेट कार्यक्रम बघणाऱ्यालाही आज लायसन्स घ्यावं लागतं, हा अन्याय आहे, असंही तो म्हणतो.

मी काकूंना विचारलं, तुम्ही बघता काय? सकाळची बातमी, संध्याकाळची आपल्या भागाची बातमी, हवामान, बागकाम. “आणि खाली अक्षरं येतात ना, ती वाचत वाचतच मी इंग्रजी शिकले. आधी तोंडाने म्हणायचे, मग दुकानात जाऊन वापरायचे.” बीबीसीच्या मुख्य चॅनेलांवर २००८ पासून सगळ्याच कार्यक्रमांना सबटायटल्स असतात. ती कर्णबधिरांसाठी असतात, पण त्यांचा आधार किती घरांत कुणाकुणाला होतो, हे कुठल्याच हिशेबात धरलेलं नाही.

काका गेल्यावर काकूंनी इंटरनेट बंद केलं होतं. छपरावरचा अँटेना आणि फ्रीव्ह्यू ही त्यावरून वर्गणीशिवाय दिसणारी टीव्ही सेवा, एवढंच उरलं. फ्रीव्ह्यूवरून बीबीसीचा सिग्नल सगळ्यांना सारखाच मिळतो, त्याला कुलूप नाही. वर्गणी आली तर आधी ते कुलूप बसवावं लागेल, आणि त्याच्या बाहेर सगळ्यात आधी काकूच राहतील. महिन्याच्या हिशेबाचा तक्ता भरताना कुठे कात्री लावायची ते मी रोज बघते. वर्गण्या पहिल्या जातात.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच. काकूंनी टीव्ही बंद केला म्हणून बातमी बनवायचा खर्च एका पैशाने कमी होत नाही. एकदा कार्यक्रम प्रक्षेपित झाला की बघणारे एक असोत की एक कोटी, खर्च तेवढाच. म्हणजे न परवडणाऱ्याला बाहेर ठेवून कुणाचंच काही वाचत नाही. उलट भरणारे कमी झाले की उरलेल्यांची वर्गणी वाढते, वाढली की आणखी काही गळतात. आणि मग जे टिकून भरतात त्यांच्याच आवडीचं बनवलं जातं. वेल्श भाषेतलं एसफोरसी हे चॅनेल आज लायसन्सच्या पैशावर चालतं. वर्गणीदार मोजून ते चालेल असं मला वाटत नाही.

पैसा सगळ्यांकडूनच घ्यायला हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझी तक्रार आहे ती सगळ्यांना एकच रक्कम लावण्याबद्दल आणि फौजदारी कायद्याबद्दल. त्या वर्षी लायसन्स १६९.५० पौंड होतं, काकूंनाही तेवढंच आणि मोठ्या बंगल्यात राहणाऱ्यालाही तेवढंच. जर्मनीत २०१३ पासून टीव्ही असो नसो, दर घरामागे ठरलेली रक्कम द्यावी लागते, आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्यांना ती माफ होऊ शकते. घरात टीव्ही आहे का हे बघायला कुणी दारात येण्याचा प्रश्नच उरत नाही. फिनलंडने २०१३ मध्ये आणि स्वीडनने २०१९ मध्ये ही रक्कम उत्पन्नाशी जोडली. बीबीसीचा कारभार ज्यावर चालतो ती सध्याची सनद ३१ डिसेंबर २०२७ ला संपते. बदल करायला यापेक्षा चांगली वेळ कुठली?

सहकारी एवढ्याने ऐकला नाही. फक्त यूट्यूब बघणाऱ्या मुलाने का भरावं, हे त्याने पुन्हा विचारलं. ज्याला शाळेत जाणारं मूल नाही तोही शाळेसाठी कर भरतो, असं मी म्हटलं. बातमी ही शाळेइतकी गरजेची आहे का, यावर आमचं अजून जमलेलं नाही.

काकूंची पेन्सिलीची खूण आम्ही खोडली नाही. बघत होत्या हे त्यांनी मान्यच केलं. पण कोर्टाच्या उत्तरात लिहिलेली अडचण फिर्यादीच्या नजरेस पडेलच असं नसतं, म्हणून फिर्यादीला वेगळं पत्र पाठवलं: मृत्यूचा दाखला, बँकेचं पत्र, बंद लिफाफ्यांची यादी, आणि हा खटला जनहिताचा नाही म्हणून मागे घ्यावा ही विनंती. काही आठवड्यांनी तो मागे घेतल्याचं कळवण्यात आलं.

नवं लायसन्स काकूंच्या स्वतःच्या नावावर, हप्त्यांनी. पेन्शन क्रेडिटचा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचा अर्जही मी त्यांच्याकडून भरून घेतला. तो मंजूर झाला तरी लायसन्स फुकट मिळायला वयाची ७५ वर्षं पुरी व्हावी लागतात. तोवर त्या पूर्ण रक्कम भरणार.