चकतीवरचा टीव्ही

कॅमेऱ्याच्या डोक्यावरची ती मोड निवडायची चकती. दुपारी कॅमेरा नुसता हातात घेतला तरी अंगठा तिच्यावर जातोच. कट्, कट्, कट्. हिरवा चौकोन, बाईचं डोकं, डोंगर, फूल, धावणारा माणूस, चंद्र-चांदणी. बालवाडीच्या भिंतीवरचा तक्ताच जणू. मग चित्रं संपतात, अक्षरं लागतात आणि अंगठा गुपचूप हिरव्या चौकोनावर, म्हणजे सगळं कॅमेऱ्यावर सोडणाऱ्या ऑटोवर परततो.

चित्रांत सगळ्यांत लबाड ते फूल. खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यात ते लावलं, की लेन्स खरोखर जवळचं बघू लागते. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात मात्र लेन्सची हद्द जिथल्या तिथं. सोबत मिळणारी १८-५५ मिलिमीटरची लेन्स सेन्सरपासून (आतल्या फोटो टिपणाऱ्या चिपपासून) साधारण २५ सेंटिमीटरच्या आत फोकसच करत नाही. मग चकतीवर फूल लावा की अख्खी बाग.

कॅननच्या चकतीवर 'टीव्ही' असतो. टाइम व्हॅल्यू, म्हणजे शटरचा वेळ. निकॉनचा सरळ 'एस'. आपण वेळ सांगायची, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, कॅमेरा बघून घेतो. त्याचा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं. विसर्जनाच्या मिरवणुकीत याच्याइतका कामाचा मोड नाही. पण लोक १/१००० सेकंद लावतात आणि टिपरू हवेतच गोठतं. ढोलवाला फोटोसाठी उभा केल्यासारखा दिसतो, आवाजच येत नाही त्या फोटोतून. १/६० वर ढोलवाल्याचा हात पुसट होतो, चेहरा बऱ्यापैकी टिकतो आणि ढोल वाजतो. दहातले सात फोटो वाया जातील, जाऊ देत. अंधार पडला, की अ‍ॅपर्चरचा आकडा ५.६ वर लुकलुकायला लागतो. याहून उघडायला लेन्समध्ये जागा नाही, असं कॅमेरा सांगत असतो. तिकडे दुर्लक्ष केलं तर फोटो काळा. आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ३२०० करायचा. दाणे दिसले तर दिसले.

'एव्ही' किंवा 'ए' याच्या उलट. अ‍ॅपर्चर आपलं, वेळ कॅमेऱ्याची. कार्यालयातल्या ग्रुप फोटोला कुणीतरी १.८ लावतोच. पुढच्या रांगेतल्या आत्या लख्ख, मागच्या रांगेतले मामा धुक्यात. दोन रांगांना निदान ५.६ हवं. पण तेवढं बंद केलं, की हॉलच्या उजेडात शटर १/१५ वर घसरतं आणि आत्याही हलतात. त्यावर उपाय म्हणजे ऑटो आयएसओ लावून शटरची खालची मर्यादा १/१२५ ठेवणं. मेन्यूत ही सोय तीन दारांच्या आत लपवलेली असते.

'एम', म्हणजे मॅन्युअल, वेळ आणि अ‍ॅपर्चर दोन्ही आपलं. त्याला लोक उगाच भितात. रंगमंचावर त्याच्याइतका साधा मोड नाही. बाकीच्या मोडमध्ये मागचा काळा पडदा बघून कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं, फोटो उजळवतं आणि गायकाचा पांढरा कुर्ता जळून जातो. उजेड बदलत नसेल तर कुर्त्याची शिवण दिसेपर्यंत दोन-तीन फोटो घेऊन बघायचे, आकडे ठरवायचे आणि चकतीला हात लावायचा नाही.

हिरव्या चौकोनालाही जागा आहेच. आपला फोटो काढायला कॅमेरा अनोळखी माणसाच्या हातात देताना चकती तिथंच हवी. त्याला बटण दाबायचंय, बस. कॅमेरा परत घेतल्यावर ती मूळ जागी आणायला मात्र माणूस हमखास विसरतो, आणि पुढच्या देवळाच्या गाभाऱ्यात फ्लॅश टपकन उभा राहतो. पुजारी बघतात.