डर्बीचं डिझेल इंजिन आणि मंगळवार पेठेतली माडी

डर्बी हे मूळचं रेल्वेचं गाव. इथलं १८३९ सालचं गोल इंजिनघर अजून उभं आहे आणि त्यात आता कॉलेज भरतं. इथल्या कारखान्यात आधी वाफेची आणि मग डिझेलची इंजिनं तयार झाली. 'पीक' नावाच्या डिझेल इंजिनांतलं पहिलं, 'डी-१ स्काफेल पाइक', १९५९ साली इथूनच बाहेर पडलं. नॉटिंगहॅमच्या वाटेवर टोटन आहे, मालगाड्यांचं मोठं यार्ड आणि डिझेल डेपो. तिथल्या उंचवट्यावर आजही माणसं फ्लास्कमध्ये चहा घेऊन इंजिनं बघत उभी असतात.

अशा गावात राहायला आल्यावर घरात छोटी रेल्वे मांडणारी माणसं भेटणारच. शनिवारी एखाद्या शाळेच्या किंवा चर्चच्या हॉलमध्ये प्रदर्शन असतं. मला तिथं भेटलेल्यांत निवृत्त फिटर आहेत, ड्रायव्हर आहेत, शिक्षक आहेत. आपल्याकडून कुणी पाहुणा आला की विचारतो, "एवढ्या वयाची माणसं खेळण्यात रमतात?" मी त्यांना एखाद्या टेबलापाशी नेऊन उभं करते आणि इंजिनाकडं जवळून बघायला सांगते. ब्रेकची तपकिरी धूळ कुठं बसलीय, डिझेल कुठं सांडलंय, वायपरनं काच कुठवर पुसलीय, हे सगळं तिथं दिसतं. ते बारकाईनं पाहिलं की खेळण्याचा प्रश्न पुन्हा येत नाही.

माझी रेल्वे आमच्या घरातल्या सगळ्यात लहान खोलीत आहे. आठ फूट लांब, दोन फूट रुंद फळी. एवढ्याशा जागेत गाडी गोल फिरवता येत नाही, कारण वळण फार आवळून घ्यावं लागतं आणि लांब डबे त्यावर विचित्र दिसतात. म्हणून डेपो. डेपोत गाड्या येत-जात नाहीत, इंजिनं येतात. डिझेल भरतात, चाकं घसरू नयेत म्हणून वाळू भरतात, खड्ड्यावर उभी राहून तपासून घेतात आणि कामावर जातात. चार-पाच रुळांच्या जागेत दहा इंजिनं उभी केली तरी ते खोटं वाटत नाही, कारण खऱ्या डेपोतही तशीच दाटी असते. कमी जागा असलेल्याला यापेक्षा चांगला विषय नाही, हे माझं ठाम मत.

माझी सगळी इंजिनं ओओ गेजची, म्हणजे खऱ्याच्या शहात्तराव्या भागाएवढी. माझं लाडकं म्हणजे क्लास ३७. इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीच्या रचनेची ही इंजिनं १९६० ते १९६५ या काळात ३०९ बांधली गेली, प्रत्येकी १७५० अश्वशक्तीची. अगदी अलीकडेपर्यंत डर्बीहून रुळांच्या तपासणीच्या पिवळ्या गाड्यांना तीच लागत होती. एवढी वर्षं राबलेलं इंजिन कोरं करकरीत दाखवणं मला पटत नाही. त्याची काजळी ही त्याची नोकरी आहे.

चालवण्याबद्दलही थोडं सांगते, कारण फोटोत ते दिसत नाही. डेपोत इंजिन ताशी पाच मैलांच्या आसपास चालतं. शहात्तराव्या भागात हिशेब केला तर सेकंदाला जेमतेम तीन सेंटिमीटर. म्हणजे आठ फुटांची फळी पार करायला सव्वा मिनिटाहून जास्त वेळ लागायला हवा. नवीन माणसाला हे फार हळू वाटतं. पण १०० टनांहून जड वस्तू हलतेय असं डोळ्याला पटायचं तर तेवढंच हळू पाहिजे. त्यासाठी डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल लागतं. यात रुळांत कायम वीज असते, आणि प्रत्येक इंजिनातला डिकोडर फक्त आपल्या नंबराचा हुकूम ऐकतो. त्याच्या आत सीव्ही नावाच्या सेटिंग असतात. सीव्ही ३ वाढवलं की इंजिन सावकाश वेग घेतं, सीव्ही ४ वाढवलं की सावकाश थांबतं. आवाजाचा डिकोडर असेल तर आधी इंजिनाचा घरघराट चढतो, एक क्षण काहीच हलत नाही, आणि मग चाकं फिरायला लागतात. तो एक क्षण मला फार आवडतो.

एवढ्या कमी वेगात रुळावरचा बारीकसा मळसुद्धा इंजिन अडवतो. क्लास ०८ हे शंटिंगचं इंजिन तीनच आसांचं, मॉडेलमध्ये जेमतेम पावणेबारा सेंटिमीटर. एका रुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या सांध्याच्या मधला तुकडा प्लास्टिकचा असेल तर तिथं वीज मिळत नाही, आणि ते तिथं हमखास गचकतं. म्हणून मधल्या तुकड्यातही वीज असते असेच सांधे घ्यायचे आणि चाकं-रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसत राहायचं. यात दुसरी काही युक्ती नाही.

पण ही पोस्ट लिहायचं कारण डर्बी नाही, कोल्हापूर आहे.

दिवाळीला मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी येताना हँडबॅगेत एक कोरं क्लास ३७ घेऊन आले होते, निळं, पिवळ्या तोंडाचं. अंगणात माझ्या भाच्याचा किल्ला सुरू होता. किल्ला करणाऱ्या पोराला मॉडेल म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. मातीचा उतार कसा धरायचा, तटबंदीच्या मानानं मावळा केवढा हवा, हे त्याला हातानं कळतं. बघता बघता माडीवर एका जुन्या फळीवर डेपोची जमीनही तयार झाली. शेतातली काळी माती भाजून घेतली, म्हणजे पुढं त्यात किडे आणि बुरशी होत नाही. मग बारीक चाळणीनं चाळली. फेव्हिकॉल निम्म्या पाण्यात पातळ करून त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकायचा, म्हणजे ते वर गोळा होऊन न बसता मातीत झिरपतं. वहिनींची पिठाची चाळणी गेली, नवी आणून दिली. पण डेपोची जमीन वर्षानुवर्षं तेल पिऊन काळी-चिकट झालेली असते, आणि आपल्या काळ्या मातीनं तो रंग जसा धरला तसा डर्बीतल्या कुठल्याही पाकिटातल्या पावडरीनं मला दिलेला नाही.

"आत्या, एवढं चकचकीत इंजिन, घाण कशाला करायचं?" भाच्यानं विचारलं. उत्तर मी द्यायच्या आत जिना चढून दादा आला. माझा मोठा भाऊ. उद्यमनगरात त्याचं वर्कशॉप आहे, आयुष्य ऑइल इंजिनांच्या दुरुस्तीत गेलेलं. त्यानं मॉडेल हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि उलटं-पालटं करून बघितलं.

"डिझेल कुठनं भरत्यात?"

मी टाकीवरचं तोंड दाखवलं.

"मग तिथनं खाली सांडणार की. वरनं धूळ बसणार, ती तेलावर चिकटणार. तेवढाच पट्टा वल्ला दिसणार, बाकी सगळं कोरडं. धूर कुठनं?"

छपरावरची धुराड्याची तोंडं दाखवली.

"दोन्ही बाजूनं पळतंय न्हवं हे? मग काजळी दोन्ही अंगाला. आणि हवा कुठनं वढतंय?"

बाजूच्या जाळ्या. रेडिएटरचा पंखा त्यांतून हवा आत ओढतो आणि छपरातून वर फेकतो. "म्हंजे जाळीत केरकचरा अडकणार," एवढं बोलून दादा खुर्ची ओढून बसला आणि भाच्याला म्हणाला, "आता कर घाण. पण कारण असंल तिथंच."

डर्बीतला माझा एक शेजारी, आयुष्यभर डिझेल फिटर म्हणून राबलेला म्हातारा, मला अगदी हेच सांगत असतो. मळ रंगानं लावायचा नाही, कारणानं लावायचा. दादानं क्लास ३७ कधी पाहिलेलं नाही. पण पंचगंगेच्या काठावर उसाला पाणी पाजणाऱ्या इंजिनांची गळती ज्यानं पाहिलीय, त्याला १७५० अश्वशक्तीचं इंजिन कुठं गळेल हे विचारायला दुसरीकडं जावं लागत नाही.

आता इंजिन मळवायची प्रत्यक्ष कृती, कारण काही जणांनी मेसेज करून विचारलं होतं. मॅट काळा आणि चॉकलेटी एनॅमल रंग थेंब-थेंब घेऊन मिनरल टर्पेंटाइनमध्ये पाण्यासारखा पातळ करायचा. आधी आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी लावून मूळ रंग सुटत नाही ना ते बघायचं. मग एका बाजूवर ब्रशनं लावून दोन-चार मिनिटं थांबायचं आणि कापसाच्या काडीनं पुसायचं, फक्त वरून खाली. आडवं पुसलं की संपलं, कारण पावसाचं आणि धुण्याचं पाणी खालीच जातं. पुसल्यावर दाराच्या फटीत, रिव्हेटच्या कडेला, जाळीच्या पट्ट्यांत जो रंग उरतो तोच आपल्याला हवा असतो. भाच्यानं पहिली बाजू पुसली आणि जाळीतल्या पट्ट्या एकेक करून उठून दिसायला लागल्या, तेव्हा त्याचा प्रश्न त्यानं स्वतःच मागं घेतला.

छपराला शुद्ध काळा कधीच लावू नये. खऱ्या छपराचा काळा हा राखाडी आणि तपकिरी यांच्या मधला असतो. गडद राखाडी एअरब्रशनं अगदी पातळ थरांत, आणि धुराड्याच्या तोंडापाशी तेवढा काळा, दोन्हीकडं विरत गेलेला. बोगी, म्हणजे चाकं बसवलेली चौकट, आणि खालचा भाग तपकिरी. तो गंज नव्हे, ब्रेकच्या ठोकळ्यांची लोखंडी धूळ. म्हणून चाकांच्या जवळ ती दाट असते आणि टाकीच्या मधोमध विरळ. चाकांच्या तोंडाला रंग देताना इंजिन उलटं धरून, तारा लावून चाकं हळू फिरवत ठेवायची, नाहीतर ब्रेकच्या आड लपलेला भाग कोरा राहतो आणि इंजिन चाललं की तो लुकलुकतो. रुळावर टेकणारी कड मात्र लगेच अल्कोहोलनं स्वच्छ करायची, वीज तिथूनच येते. डिझेलच्या तोंडाखालचा ओला पट्टा सगळ्यात शेवटी, काळ्यात चकचकीत व्हार्निश मिसळून. तो दादानं स्वतः ओढला. सरळ रेघ नाही, मधे एका कडेला अडून बाजूला वळलेली. जाड बोटांच्या त्या माणसाचा हात ब्रश धरल्यावर इतका हलका होईल असं मला वाटलं नव्हतं. बाबूराव पेंटरांच्या गावात हे नवल नाही म्हणा. नाटकाचे पडदे रंगवता रंगवता स्वतः कॅमेरा तयार करणारी माणसं इथं होऊन गेली, इथं रंग आणि लेथ एकमेकांना परके नव्हतेच.

कोल्हापुरात हे करणाऱ्यांनी एक गोष्ट पाळावी. मॅट व्हार्निशचा शेवटचा हात आषाढ-श्रावणात मारू नये. हवेत दमटपणा जास्त असला की त्यावर पांढरट झाक येते आणि निळा रंग धुरकट दिसतो. दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम. डर्बीत मला उलटी अडचण. हिवाळ्यात खिडकी उघडून फवारायचं तर खोली गारठते आणि रंग नीट बसत नाही. पण बंद खोलीत, तोंडाला मास्क न लावता फवारू नये, तिथंही आणि इथंही.

त्या रात्री दादा म्हणाला, "परदेशातलं झालं. आपलं कधी करणार?"

आपलं म्हणजे डब्ल्यूडीएम-२ हे आपल्या रेल्वेचं डिझेल इंजिन. मिरज-कोल्हापूर मार्ग १८९१ साली सुरू झाला तो मीटरगेज. १९७१ साली ब्रॉडगेज झाला आणि पुढं डिझेलचे दिवस आले. अमेरिकेतल्या आल्को कंपनीच्या रचनेचं, सोळा सिलिंडरचं, २६०० अश्वशक्तीचं ते इंजिन आमच्या पिढीनं स्टेशनवर रोज पाहिलं. कोल्हापूर शेवटचं स्टेशन. गाडी आली की इंजिन बफरच्या, म्हणजे रूळ संपतात तिथल्या अडथळ्याच्या बाजूला अडकतं, ते सोडवून शेजारच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला न्यावं लागायचं. लहानपणी दादा आणि मी ते बघायला जायचो. सुटताना धुराचा जो काळा लोट उठायचा, त्याला कारण आहे. थ्रॉटल उघडलं की डिझेल लगेच वाढतं, पण इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो वेग घ्यायला वेळ घेतो. तेवढा वेळ हवा कमी पडते आणि डिझेल अर्धवट जळतं. आता मार्गावर विजेच्या तारा आल्या आहेत. तो धूर ज्यांनी पाहिला त्यांनीच तो मांडायला हवा.

अडचण गेजची, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराची आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, इंग्लंडचा १४३५. ओओ गेजचे रूळ १६.५ मिलिमीटरचे असतात, आणि आपलं इंजिन त्याच प्रमाणात करायचं तर २२ मिलिमीटर लागतात. साडेपाच मिलिमीटरचा फरक कागदावर काही वाटत नाही, पण समोरून बघितलं की इंजिनाची सगळी ऐट त्यातच आहे. आयर्लंडचे काही छंदी लोक त्यांच्या १६०० मिलिमीटरसाठी २१ मिलिमीटरचे रूळ स्वतः जोडतात, म्हणजे वाट आहे. दादानं तिथंच सांगितलं, "ड्रॉइंग पाठव. ॲक्सल मी लेथवर काढतो, रूळ हा पोरगा जोडंल."

ड्रॉइंगचं काम डर्बीत सुरू झालंय. रंगासाठी मात्र तुमची मदत हवी. सत्तर-ऐंशीच्या दशकात कोल्हापूर, रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर किंवा मिरज स्टेशनवर घरच्या माणसांचे फोटो काढले असतील आणि मागं डिझेल इंजिन आलं असेल, तर मोबाइलवर फोटो काढून मला पाठवा. रंगीत असेल तर सोनं, काळा-पांढराही चालेल. बोगी किंवा छपराचा कोपरा दिसत असला तरी पुरे. फोटो साधारण कुठल्या वर्षाचा आणि कुठल्या महिन्यातला एवढं आठवत असेल तर जरूर लिहा, कारण पावसाळ्यातलं इंजिन आणि वैशाखातलं इंजिन यांचा मळ वेगळा असतो.